पाठमोरी

दूध वर येत होतं आणि हर्षल त्याच्याकडे बघत होता.

आधी ते कडेकडेने थरथरलं, मग साय मध्ये फुगली, मग ती पातेल्याच्या काठाशी आली. गॅसचं बटण हर्षलच्या हातापासून जेमतेम वीतभर लांब. श्रुतिका बाथरूमच्या दारात जुईचं डोकं पुसत होती, तिला तिथून सगळं दिसत होतं. तिचा हात नुसताच हवेत पुढे झाला. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली टपकायला लागलं, आणि मग हर्षलने गॅस बंद केला.

"अरे, सांडलं," तो म्हणाला. शेजारच्या घरात सांडल्यासारखं.

"तू बघत होतास, हर्षल."

"हो ना. सांडेल असं वाटलंच नाही."

सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "दूधच सांडलंय ना? त्यात एवढा आवाज चढवण्यासारखं काय आहे? तुझ्या डोक्यात चोवीस तास कुकर लागलेला असतो बघ, श्रुतिका. कधी शिट्टी होईल नेम नाही. एकदा पाठमोरीत बसून ये म्हणते मी. मी नाही का जात दर आठवड्याला? गुडघ्याचंसुद्धा काही वाटत नाही मला आता."

जुईचा पाय ओल्या फरशीवर पडायच्या आत श्रुतिकाने तिला उचलून घेतलं.

वाईच्या वर घाट चढून गेलं की पठारावर 'भिरभिरं' नावाचं पार्क आहे. पाठमोरी ही तिथली उलटी धावणारी रोलर कोस्टर. हर्षल तिच्या देखभालीचा इंजिनिअर. लोक सुरुवातीला गंमत म्हणून यायचे. आता डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतात. दहावी-बारावीची मुलं येतात, नोकरीच्या मुलाखतीआधी पोरंपोरी येतात, लग्नाच्या आदल्या आठवड्यात नवऱ्या मुली येतात. त्यामागचं शास्त्र श्रुतिकाला चांगलं ठाऊक होतं. जुई होण्याआधी ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि ज्या संशोधनावर हे सगळं उभं होतं ते तिने वाचलं होतं.

आपल्याला वाटतं आपण आत्ता जगतो. मेंदू मात्र आत्ताच्या अर्धं पाऊल पुढे असतो. डोळ्यांचा निरोप त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. कानाच्या आत द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या आपला तोल सांभाळतात, त्यांच्या निरोपालाही लागतो. तेवढ्यात जग पुढे सरकलेलं असतं. म्हणून मेंदू वाट बघत बसत नाही. तो अंदाज बांधतो आणि हात आधीच पुढे करतो. चेंडू यायच्या आधी आपली ओंजळ तयार असते ती त्यामुळेच. भीती हासुद्धा अंदाजच, फक्त तो छातीत बांधला जातो.

साध्या रोलर कोस्टरमध्ये समोरचा उतार दिसतो, म्हणून पोटात गोळा आधी येतो आणि घसरण मागाहून. उलट्या गाडीत डोळ्यांचा काही उपयोग नसतो. शिवाय पाठमोरीच्या रुळांमधले विजेचे चुंबक दर फेरीला वेग बदलतात. हिसका कुठे बसणार हे गाडी सोडणाऱ्यालाही माहीत नसतं. मेंदू अंदाज बांधतो आणि चुकतो, पुन्हा बांधतो आणि पुन्हा चुकतो. शेवटी कंटाळून तो दुकानाची फळी खाली ओढतो. जे येईल ते आल्यावर बघू, असं म्हणतो. माणूस उतरतो तो पिसासारखा हलका होऊन. दोन-तीन दिवसांत फळी पुन्हा वर जाते, अंदाज सुरू होतात, काळज्याही परततात. पाहुण्यांचं असं होतं.

पण पार्कात एक पद्धत होती. ज्या आप्पांनी भिरभिरं उभं केलं त्यांचा दंडकच होता, की घरची माणसं बसल्याशिवाय पाहुणा बसणार नाही. रोज सकाळी गाडीपुढे नारळ वाढवायचा आणि देखभालीची सगळी मंडळी पहिल्या फेरीला बसायची. हर्षल, त्याचा जोडीदार सुदाम सुर्वे, त्यांच्या हाताखालचे सगळे. आप्पा गेले, त्यांची मुलगी वरदाताई कारभार बघू लागली, पण पहिली फेरी चुकली नाही. वाईतले लोक कौतुकाने सांगायचे, की भिरभिऱ्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा, ती माणसं आधी स्वतः बसतात.

शेवटी श्रुतिकाही बसली. सासूबाईंच्या टोमण्यांनी नव्हे, तर थकून. जुई पाच वर्षांची झाली तरी तिला रस्ता ओलांडताना बघून श्रुतिकाच्या तळहातांना घाम फुटायचा. शेंगदाणा घशात अडकेल, झोका तुटेल, कुत्रं धावेल. दिवसभर मनात नुसती रीघ.

मांडीवरचा दांडा खाली आला आणि गाडी मागे खेचली गेली. समोर फलाट लहान होत गेला, हात हलवणारी जुई लहान होत गेली. पुढे काय आहे ते दिसत नव्हतं. दिसत होतं ते सगळं नुकतंच सुटलेलं. मग पाठीखालून जमीनच गेली. किंचाळावं असं वाटेपर्यंत घसरण संपलेली असायची आणि किंचाळी नंतर यायची, एकटीच, काही कारण नसल्यासारखी. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर तीही आली नाही.

खाली उतरल्यावर तिने भेळ खाल्ली. आयुष्यात पहिल्यांदा तिने जुईच्या कागदी द्रोणातले शेंगदाणे वेचून काढले नाहीत. किती छान होतं ते. लोक असे जगतात तर, तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जुई सोसायटीच्या कठड्यावर चढली. श्रुतिका समोरच्या बाकावर होती. जुईचा पाय कडेवर आला, तिला दिसलं. चप्पल सुटली, दिसलं. जुई कलली, तेही दिसलं. मधे उठावं असं काही घडलंच नव्हतं, कारण काहीच घडलेलं नव्हतं. मग हनुवटी फुटली, रक्त आलं आणि श्रुतिका उठली. हर्षल दुधाकडे कसा बघत होता ते तिला त्या क्षणी आतून कळलं.

टाके घालून घरी आल्यावर पुढचे दोन दिवस ती वाट बघत राहिली. मुंग्या आलेल्या पायात रक्त परत यावं तशी भीती परत आली, टोचत, झोंबत. श्रुतिकाने तिला जवळ केलं. काय वाटेल ते झालं तरी आता ही सोडायची नाही, असं तिने ठरवलं.

आणि मग तिच्या डोक्यात आलं, की हर्षलची फळी गेल्या कित्येक महिन्यांत वर गेलेलीच नाही.

जानेवारीत पार्काच्या मंडळींची हुरडा पार्टी झाली. शेताच्या बांधावर पोरं चेंडू खेळत होती, मोठेही त्यात शिरले. कुणीतरी सुदामकडे चेंडू टाकला. तो त्याच्या छातीवर आपटून खाली पडला आणि मग सुदामचे हात पुढे आले. सगळे हसले. सुदामने हर्षलकडे फेकला, तो हर्षलच्या खांद्याला लागला. पुन्हा हशा.

"कंपनीने संघ काढायला हवा," सुदाम म्हणाला. "एकही झेल घेणार नाही, पण हरल्याचं वाईट वाटणार नाही."

श्रुतिका हसली नाही. तिने चेंडू उचलला आणि तिकीट खिडकीवरच्या लताकडे टाकला. लताने तो हुरड्याचं ताट एका हातात धरून दुसऱ्या हाताने झेलला. मग कँटीनवाल्या काकांकडे टाकला. झेलला. मग देखभालीच्या एका पोऱ्याकडे. गालावर लागला. तो गाल चोळत हसत राहिला.

ती तशीच वरदाताईंकडे गेली. "पहिल्या फेरीला बसणारी माणसं बघा ताई. एकालाही चेंडू झेलता येत नाहीये. येणारी गोष्ट त्यांना येताना कळतच नाही. आणि गाडी तपासतात ते हेच."

वरदाताईंनी कणसाचे गरम दाणे तळहातावर चोळले. "श्रुतिकाताई, गेल्या वर्षभरात गाडी एकदाही बंद पडलेली नाही. अख्ख्या टीमला मी ढाल दिली त्याबद्दल. तुमच्या घरीच आहे ना ती, टीव्हीशेजारी? आधी ह्या हर्षलचं काय होतं माहितेय? जरा कुठे खुट्ट झालं की गाडी थांबव. पाहुणे नुसते वैतागायचे." मग त्या हसल्या. "तुम्ही एक फेरी घेतली होती ना? अजून एक घ्या. माझ्याकडून."

घरी येताना गाडी श्रुतिकाच चालवत होती. हल्ली ती त्याच्या हातात देतच नसे.

"हर्षल, तू पाठमोरी शेवटची कधी थांबवलीस?"

"थांबवायला कारण नको?"

"आधी कारणं कुठून मिळायची तुला?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "आवाजांवरून. एखादा आवाज ऐकला की पोटात कसंतरी व्हायचं. मग उतरून बघायचो. बऱ्याचदा काही नसायचंच गं."

"आणि आता?"

"आता पोटात काही होत नाही. शिवाय सेन्सर आहेत की."

"सेन्सर रुळांवर आहेत. खांबांच्या बुडाशी आहेत का?"

"तिथे लागत नाहीत. तिथे आपण बघतोच." आणि तो जुईकडे वळून म्हणाला, "काय गं चिमणे, छोट्या पाठमोरीत पुढच्या सीटवर बसणार ना?"

छोटी पाठमोरी लहान मुलांसाठी होती. तिच्या चाचणीच्या फेऱ्या चालू होत्या आणि महिनाअखेरीच्या रविवारी उद्घाटन होतं. आप्पांच्या पद्धतीप्रमाणे पहिल्या फेरीला घरची पोरं बसणार. जुईचा नवा फ्रॉकही शिवून आला होता.

श्रुतिकाने भांडायची सगळी तयारी केली. रडायचीसुद्धा. पण ती फक्त एवढंच म्हणाली, "उद्घाटनाआधी सुट्टी घे. आपण फलटणला आईकडे जाऊ. तेवढे दिवस फेरी नको. परत आलास की एकदा छोटीची तपासणी तू कर, मग मी काही बोलणार नाही."

"बरं," हर्षल म्हणाला.

इतकंच. अडचण काय येईल, वरदाताई काय म्हणतील, सुदामवर भार पडेल, यातलं काहीच त्याच्या मनात आलं नाही. पूर्वीचा हर्षल तासभर डोकं खाजवत बसला असता. त्या एका शब्दाने श्रुतिकाला हुंदका आला.

फलटणला काही बदललं नाही. जुई दाराआडून भॉक करून अंगावर यायची, तो हसून तिला उचलायचा, पण दचकायचा नाही. श्रुतिकाच्या वडिलांच्या हातून स्टीलचा तांब्या पडला तेव्हा घरातले सगळे चमकले, हा वर्तमानपत्र वाचत राहिला. वडील तिला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापूंचे कान तपासून घ्या एकदा." श्रुतिका रोज त्याच्याकडे बघायची, जसं तापाच्या पोराकडे बघतात तसं. रविवार उजाडला तरी हर्षल होता तसाच होता, शांत, गोड आणि कुणाच्याच उपयोगाचा नसलेला.

निघाले. जुई मागे नव्या फ्रॉकमध्ये. वाई गेली, घाट सुरू झाला. दुसऱ्या वळणावर समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला. श्रुतिकाने गाडी कडेला घेतली, आणि हर्षलने खिडकीवरची मूठ घट्ट पकडली.

"हळू घे," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"समोर बघ ना, श्रुतिका. दरी आहे बाजूला."

तिला हसू आलं, डोळे भरून आले. "बोल ना, अजून बोल. कसं चालवते मी?"

पण त्याच्या कपाळावर घाम आला होता. पुढच्या वळणावर त्याने डोळे मिटले आणि काहीतरी ऐकत असल्यासारखी मान कलती केली. इतक्या महिन्यांत त्याच्या कानांनी सगळं ऐकलेलं होतं. मेंदूने फक्त त्याच्यावर बोट ठेवलं नव्हतं. आता फळी वर जात होती आणि बाहेर ताटकळलेलं सगळं एकदम आत घुसत होतं. उतू जाणारं दूध. कठड्यावरून पडलेली जुई, जिच्या टाक्यांकडे बघून तो 'बरं होईल' एवढंच म्हणाला होता. आणि त्याखाली एक आवाज.

"छोटीच्या दुसऱ्या वळणावर," तो म्हणाला, "गाडी गेली की मागाहून एक टक् होतं. गाडी जाताना नाही, गेल्यावर. खांब परत जागेवर बसल्यासारखं." त्याचा आवाज बदलला. "श्रुतिका, खांब जागेवरून हलल्याशिवाय परत कसा बसेल?"

"तू ऐकलं होतंस?"

"रोज. चाचणीला रोज ऐकत होतो मी." त्याने फोन काढला. सुदामला लावला. "सुदाम, छोटी सोडू नकोस. दुसऱ्या वळणाचा खांब बघ आधी."

फोनवरचा सुदामचा आवाज श्रुतिकालाही ऐकू येत होता. "अरे, तो टक् होय? तो रोजचाच आहे की. ये तू, पोरं बसायला लागलीत."

"सोडू नकोस म्हणतोय ना."

"हो हो. ये निवांत."

ते 'हो हो' कसं होतं ते गाडीतल्या दोघांनाही कळलं. त्यात काही अर्थ नव्हता. श्रुतिकाने त्या घाटात कधी नव्हती चालवली तशी गाडी चालवली, आणि हर्षल पूर्ण वेळ मूठ धरून होता.

फलाटावर फुगे, सनई, वरदाताई पैठणीत. सासूबाईसुद्धा नटून आल्या होत्या. छोटीच्या सगळ्या सीट भरल्या होत्या, पुढची तेवढी जुईसाठी रिकामी. सुदाम काचेच्या केबिनमध्ये.

"मी खाली बघून येतो," हर्षल श्रुतिकाला म्हणाला. "तोवर गाडी हलू देऊ नकोस." आणि तो जिन्याकडे धावला.

श्रुतिका केबिनकडे गेली. "सुदामदादा, दहा मिनिटं थांबा. हर्षल बघून येतोय."

"बघू दे की." सुदाम मनापासून म्हणाला. "वरदाताईंनी खूण केली की सोडतो. तेवढ्यात येईलच तो."

या माणसाशी वाद घालण्यात काही राम नव्हता. खूण झाल्यावर काय होईल हे त्याच्यासाठी अजून जगात आलेलंच नव्हतं. वरदाताईंनी भटजींकडे बघितलं, मग घड्याळाकडे. श्रुतिकाने जुईचा हात सासूबाईंच्या हातात दिला, पुढे गेली, त्या छोट्या सीटमध्ये कशीबशी बसली आणि मांडीवर येणारा दांडा दोन्ही हातांनी वरच धरून ठेवला. एक दांडा जरी उघडा असला तरी गाडी सुटत नाही, एवढं तिला हर्षलच्या संसारात राहून ठाऊक झालं होतं.

"ओ मॅडम," केबिनमधून सुदामचा आवाज आला, "दांडा खाली घ्या."

"नाही घेत."

"मग गाडी सुटणार नाही."

"माहितेय."

सनई थांबली. मागच्या सीटवरचं पोर म्हणालं, "काकू, ही लहान मुलांची आहे." कुणाची तरी आई पुढे आली. "अहो, लेकरं उन्हात खोळंबलीत. काय चाललंय तुमचं? हौस असेल तर मोठीत जाऊन बसा ना."

सासूबाई अगदी थंडपणे म्हणाल्या, "श्रुतिका, उतर गं. चारचौघांत बरं दिसत नाही."

वरदाताई वाकून हळू आवाजात बोलल्या. "भीती वाटत असेल तर तुमच्या मुलीला बसवू नका. बाकीच्यांना कशाला वेठीला धरता?"

"ताई, तुम्ही स्वतः कधी बसता फेरीला?"

"मला कुठे वेळ असतो?"

"मग तुम्हाला तरी कळेल. हर्षल खाली गेलाय. तो घाबरलाय. वर्षभरात पहिल्यांदा घाबरलाय. तो येईपर्यंत थांबा."

वरदाताई सरळ उभ्या राहिल्या, पण खूण त्यांनी केली नाही.

दांडा स्प्रिंगचा होता, तो खाली यायला ओढ घेत होता. श्रुतिकाचे दंड भरून आले. लोक मोबाइल धरून उभे होते. संध्याकाळपर्यंत हे सगळ्या वाईत फिरेल, तिला वाटलं. आणि खाली काही नसलं तर? बऱ्याचदा काही नसायचंच, तो म्हणाला होता. भीती काही शपथेवर सांगत नाही, की ह्या वेळेस मी खरी आहे. शेंगदाणा आजवर घशात अडकला नव्हता, झोका तुटला नव्हता. कदाचित हर्षल आत्ता हसत वर येईल आणि पुढची सगळी वर्षं ही गोष्ट लग्नकार्यात सांगितली जाईल. तरी तिने दांडा सोडला नाही. गाडीतल्या एका मुलीच्या दोन वेण्यांना लाल रिबिनी होत्या, आणि तिच्या मांडीवरचा दांडा तिला जरा सैलच होत होता. श्रुतिका त्या सैल जागेकडे बघत राहिली.

जिन्यावर पावलं वाजली. हर्षल वर आला. गुडघ्यापर्यंत माती, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, आणि हातात बोटभर जाडीचा एक बोल्ट.

"हाताने निघाला," तो वरदाताईंना म्हणाला. "पानासुद्धा लागला नाही. शेजारचा पण फिरतोय. पायाचं काँक्रीट खाली धसलंय, खांब नुसता उभा आहे."

सुदाम केबिनमधून बाहेर आला, बोल्ट हातात घेऊन उलटासुलटा बघू लागला. "खरंच की," तो म्हणाला. "सुटलाय." आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

वरदाताईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खूप वेळ. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "सगळ्या मुलांना उतरवा. मोठी पण बंद करा. सुदाम, तुम्ही नाही. लता, तू कर."

पोरं कुरकुरत उतरली. लाल रिबिनींची मुलगी सर्वांत शेवटी. आया आपापल्या पोरांना शोधायला लागल्या आणि आवाज एकदम चढले. हर्षलने सासूबाईंच्या हातातून जुईला उचललं आणि इतकं आवळलं की ती ओरडली, "बाबा, दुखतंय."

"दुखू दे," तो म्हणाला. जुईच्या हनुवटीवरच्या टाक्यांच्या खुणेवरून तो पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होता, जणू ती आजच दिसली होती.

श्रुतिका अजून गाडीतच होती. दांड्यावरची बोटं तिला सोडवता येत नव्हती.

"उतर ना," हर्षल म्हणाला.

"येते. तू तिला घेऊन आधी लांब जा. त्या खांबापासून लांब."

तो निघाला, चालत नव्हे, धावतच, गर्दीला कोपरांनी बाजूला सारत. थोडं पुढे जाऊन थांबला. मागे वळून पाहिलं. पुन्हा दोन पावलं गेला, पुन्हा थांबला, आणि ती उठून फलाटावर येईपर्यंत तिथून हलला नाही.